डोंगर जवळ आणणारी लेन्स

राबाचा धूर आमच्या गावात, शेणव्यात, शिरला की मी कपाटातून कॅमेऱ्याची पिशवी खाली काढते. दरवर्षी काढते, यंदाही काढली. दवाखान्यातल्या माझ्या खोलीची खिडकी पूर्वेला उघडते आणि वैशाख लागायच्या आधीपासूनच तिच्यातून तो वास आत येऊ लागतो. शेण, वाळका पाला आणि वर पसरलेली माती सावकाश भाजल्याचा वास. वाळत घातलेल्या ओढण्यांना येतो, डब्यातल्या भाकरीलाही येतो. शहरातून बदली होऊन आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी घाबरून विचारलं, जंगल पेटलंय का, कुणाला फोन करायचा का. मी म्हटलं, करून उपयोग नाही, ज्याला कराल तोही आत्ता राबच भाजत असेल. त्या हसल्या नाहीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं, नाचणीचं, वरीचं रोप जिथे तयार करायचं तेवढा जमिनीचा तुकडा आम्ही उन्हाळ्यात भाजतो. खाली शेणाचा थर, त्यावर ऐनाच्या तोडलेल्या फांद्या, मग पातेरा, म्हणजे गळलेला पाला, गवत आणि सगळ्यांत वर बारीक माती. वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवायचं, म्हणजे आग धावत सुटत नाही, सावकाश चालत जाते. त्या राखेत रोप जोमाने येतं. या कामात डोंगर मात्र उघडा पडतो. फांद्या छाटलेली ऐनाची झाडं नुसते खुंट होऊन उभी राहतात, गवत संपलेलं असतं, पाला झडलेला असतो. वर्षातले हेच पाच-सहा आठवडे डोंगराची कातडी दिसते. मग पाऊस येतो आणि आठ दिवसांत सगळं हिरवं झाकून टाकतो. मला तो हिरवा रंग आवडत नाही. हे मी कुणापाशी बोलत नाही, कारण पावसाळ्यात मुंबईची माणसं आमच्याकडे त्याच रंगाचे फोटो काढायला येतात.

पिशवी उघडली की पहिलं काम म्हणजे लेन्स टॉर्चसमोर धरून बुरशी बघायची. आमच्याकडच्या दमट हवेत काचेलाही बुरशी लागते, आतल्या आत, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मी दवाखान्यात रक्त तपासते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधायचे, हे माझं वीस वर्षांचं काम. त्यामुळे काचेतलं बारीक काही माझ्या नजरेतून सुटत नाही. यंदा बुरशी नव्हती. पिशवीत लेन्सचे तीन कप्पे आहेत. एकात कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स आहे, एकात पन्नासची आहे, आणि तिसरा, सगळ्यांत लांब कप्पा रिकामा आहे. त्यात जी होती तिच्याबद्दल हे सगळं आहे.

कॅमेरा घेतला तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. नवा नव्हे. मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे बबनदादांचा स्टुडिओ होता, त्यांचा वापरलेला. बबनदादांनी आख्ख्या तालुक्याची लग्नं काढलेली. माझंही त्यांनीच काढलं होतं, आणि त्यातल्या एकाही फोटोत माझे डोळे धड उघडे नाहीत, हे मी त्यांना आजवर ऐकवत आले. कॅमेऱ्याबरोबर अठरा-पंचावन्नची साधी लेन्स मिळाली. आणखी एकच घेता येणार होती. कुठली, यावर मी महिनाभर घरादाराचा जीव खाल्ला. दुपारी पेशंट ओसरले की मोबाइलवर वाचत बसायची. तिथे लेन्सवरून माणसं अशी भांडत होती की आमच्या बांधावरची भांडणं परवडली. नवरा म्हणाला, तू लेन्स घेतेस का जावई शोधतेस. आईने एवढंच सांगितलं, ज्यात माणसं नीट दिसतील ती घे.

बबनदादांनी एका दुपारी मला स्टुडिओच्या दारात उभं केलं आणि तीन लेन्सा आळीपाळीने लावून दिल्या. आधी अठरा. सगळा रस्ता, दोन्हीकडची दुकानं, वरचं आभाळ, सगळं आत आलं, पण समोरचा कलिंगडवाला बोटाएवढा झाला. मग पन्नास. छोटीशी, हलकी, झूम नाही, काही नाही. कलिंगडवाला समोर आहे तसाच दिसला, पण त्याच्यामागचं सगळं विरघळून गेलं. हिचं तोंड मोठं आहे, दादा सांगत होते, उजेड भरपूर घेते, ज्याच्यावर नजर ठेवाल तेवढंच ठेवते आणि मागचं पुसून टाकते. मग तिसरी, पंचावन्न-अडीचशे, लांब नळीची. ती डोळ्याला लावली आणि मी उडालेच. रस्त्याच्या पार टोकाला वडाखाली बसलेल्या बाईच्या नाकातली चमकी दिसत होती, आणि तिच्यामागची पाण्याची टाकी, जी चालत जायला दहा मिनिटं लागतात, ती बाईच्या डोक्यावर ठेवल्यासारखी दिसत होती.

दादांचं मत पन्नासवर होतं. "ताई, ही लांबची नका घेऊ," ते म्हणाले. "हिच्यात जागच्या जागी काय ऱ्हात नाय."

मी लांबचीच घेतली. सांगताना सांगायची की मला शेकरू टिपायचं आहे. आत्याच्या वाडीवरच्या जंगलात शेकरू होतं, आणि माणसाची चाहूल लागली की ते शेंड्यावर जायचं. पण खरं कारण वेगळं होतं, ते आता कबूल करायला हरकत नाही. मला माणसांच्या जवळ जाऊन कॅमेरा धरायची लाज वाटायची. दिवसभर मी लोकांना सुई टोचते, त्यांचं रक्त काढते, आणि मग त्यांच्याकडे न बघता त्यांचं रक्त बघत बसते. लांब राहून जवळचं बघणं मला जमत होतं. त्या लेन्सचा आणि माझा स्वभाव जुळला.

आत्याची वाडी धसईच्या बाजाराला येणारी. शेणव्याहून निघालं की आधी शहापूर, मग मुरबाड, मग धसई आणि तिथून पुढे मिळेल त्या गाडीने, शेवटी पायी. हवा स्वच्छ असली तर वाडीतून दूर सिद्धगडाचा माथा दिसतो. पण वाडीच्या पाठीशी उभा आहे तो सिद्धगड नव्हे. त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, त्याला नुसतं ‘वर’ म्हणते. गुरं वर गेली. राबासाठी फांद्यांची कवळं वरून आणली. त्या ‘वर’च्या पायथ्याशी सात घरं, आणि डोंगराला सगळ्यांत जवळचं घर आत्याचं.

तो राबाचा हंगाम मला दिवसादिवसाने आठवतो. आत्याने मला उन्हात फिरते म्हणून शिव्या दिल्या आणि लगेच ताकाचा तांब्या पुढे केला. तिचे हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले होते. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, ऐनावर चढून फांद्या तोडत होते. ते इतके कमी बोलायचे की त्यांच्या बोलण्यापेक्षा कोयत्याचा आवाज मी जास्त ऐकला असेन. शेकरू काही दिसलं नाही. दुपार कलल्यावर मी ओढा ओलांडून समोरच्या अंगाला गेले. तिथे एक जुनं आंब्याचं झाड आहे. त्याच्या बुंध्याला टेकून मी सहज वाडीकडे कॅमेरा रोखला, आणि नुसत्या डोळ्यांना जो डोंगर घरांच्या बराच मागे वाटत होता, तो चौकटीत घरांवर ओणवा होऊन उभा राहिला. सात छपरं आणि त्यांच्यावर काळपट, सोललेला, धुराने भरलेला डोंगर. आभाळ नव्हतंच. मला आनंदाने घाम फुटला. असा फोटो मी तोवर काढला नव्हता.

आत्याला मागच्या पडद्यावर दाखवला. तिने पदराने हात पुसले, डोळे बारीक केले, स्वतःचं घर शोधलं. आधी हसली. मग म्हणाली, "घर डोंगराच्या पोटात घातलंस गो बाय." आणि तांब्या उचलून आत गेली. मला वाटलं, कौतुकच केलं तिने. बबनदादांकडून मी तो फोटो मोठा करून घेतला, चौकट घातली आणि तिला नेऊन दिला. तिने तो माजघरात, भाताच्या कणगीच्या वर लावला, जिथे उजेड सगळ्यांत कमी असतो.

पुढच्या वर्षी धूर आला तेव्हा मी पुन्हा त्याच आंब्याखाली जाऊन तीच चौकट पकडली. हौस होती, आणि थोडी सवयही. पेशंटची आजची काच मागच्या काचेशेजारी ठेवून बघायची, म्हणजे काय वाढलं ते कळतं. मुरबाडला दादांच्या संगणकावर दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी लावले. घरं तीच, आत्याची शेळीसुद्धा जवळपास त्याच जागी. पण घरांच्या वर, उताराच्या मधोमध, एक बारीक काळी रेघ दोन्हींत होती आणि दुसऱ्या फोटोत ती जाड झाली होती. तिच्या खालच्या कडेचा एक ऐन पहिल्या वर्षी सरळ होता. दुसऱ्या वर्षी तो खाली, घरांकडे वाकला होता. मी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. दादा म्हणाले, चर असेल. आमच्याकडे पाणी अडवायला सरकारी मजुरीवर डोंगरभर चर खणलेले आहेत, त्यातलाच एक. वाडीतही सगळे हेच म्हणाले. कित्येक वर्षं तिथून गुरं नेणारी माणसं ती रेघ चर म्हणूनच ओलांडत होती. लहान पोरं तिच्यात उतरून लपाछपी खेळत होती.

आतोबांनी मात्र फोटो हातात घेतला, माजघरातून अंगणात आणला आणि उजेडात धरून उभे राहिले. त्या डोंगरावरचे चर खणणाऱ्या टोळीत ते स्वतः होते. चर तुटक असतो. दहा-बारा पावलं खणायचं, मग जागा सोडायची, मग पुन्हा खणायचं, आणि सगळं एका पातळीत, म्हणजे पाणी वाहून न जाता तिथेच मुरतं. ते त्यांनी मला बोटाने दाखवलं. रेघेला कुठेही तुटक जागा नव्हती. आत्याच्या घराच्या एका अंगाला ती खाली उतरत होती, वर जाऊन वळत होती आणि दुसऱ्या अंगाला पुन्हा खाली येत होती. कोयता ठेवावा तशी, पातं घरांकडे करून.

"ह्यो आमी खणलेला नाय," आतोबा म्हणाले.

त्यानंतर ते राब भाजायला गेले, कारण वारा पडला होता आणि काम व्हायला हवं होतं. मी अंगणातच बसून राहिले. ती रेघ चर नव्हती, डोंगर सुटू लागल्याची भेग होती, आणि तो सुटला तर खालच्या घरांवरच येणार होता. वर्षभर जो फोटो मी लोकांना मिरवून दाखवला होता, त्यात माझ्या आत्याचं मरण स्पष्ट दिसत होतं आणि मी त्यातला उजेड कसा छान पडलाय ते सांगत होते.

मग मी फोटो घेऊन फिरले. वाडी खालच्या ग्रामपंचायतीत येते, तिथे दिला, अर्ज दिला. तालुक्याहून एक साहेब आले. वाडीतली माणसं पिंपळाच्या पारावर जमली. साहेबांनी फोटो नीट बघितला आणि विचारलं, कुठल्या लेन्सने काढलाय. मी सांगितलं. ते हसले, वाईट हसले असं नाही. स्वतःही हौसेने फोटो काढत असावेत. त्यांनी सगळ्यांना समजावलं की या लेन्समध्ये लांबचा डोंगर जवळ आल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो एवढा डोक्यावर नाही, घाबरू नका. मग मलाच विचारलं, बरोबर ना मॅडम. आणि मी हो म्हटलं, कारण ते बरोबरच होतं. खरं तर लेन्स काही जवळ आणत नाही. आपण फार लांब उभे राहतो, म्हणून घर आणि डोंगर यांच्यातलं अंतर उरल्यासारखं वाटत नाही. पण हे त्या पारावर कुणाला सांगणार. भेगेचं मी बोलत राहिले, पण माणसं उठायला लागली होती. पडताळा म्हणून मी अंगणातून साध्या लेन्सने काढलेलाही फोटो दाखवला. त्यात डोंगर लांब, निळसर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भेग त्यात दिसतच नव्हती. एकीत डोंगर उगाच डोक्यावर येत होता, दुसरीत उगाच लांब जात होता, आणि आत्या मात्र रोज रात्री त्याच्याखाली पाठ टेकत होती.

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडला जाऊन लांबची लेन्स बबनदादांच्या काउंटरवर ठेवली आणि पन्नासची मागितली. त्यांनी बदलून दिली, कापड मारून दिली. पन्नासच्या लेन्सला झूम नसतं. जवळचं हवं तर स्वतःच्या पायाने जवळ जावं लागतं. मी आतोबांना म्हटलं, मला वर न्या. त्यांनी खांद्यावर पहार घेतली. राख तुडवत, कापलेल्या गवताच्या खुंटांवरून आम्ही चढलो. भेग दोन वीत रुंद होती. कडेला उभं राहिलं की पायाखालची जमीन रिकामी असल्यासारखी वाटायची. आतोबांनी पहार उभी धरून आत सोडली. माझ्या खांद्याएवढी लोखंडी पहार मुठीपर्यंत आत गेली आणि तळ लागला नाही. त्यांनी ती वर ओढली, पुन्हा सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. तो फोटो मी चार हातांवरून काढला. भेगेच्या तोंडाशी वाकलेला म्हातारा आणि त्याच्या मुठीत बोटभर उरलेली पहार. त्यात डोंगर दिसतच नाही. त्याची गरजच पडली नाही.

तो फोटो बघून कुणी लेन्सचं विचारलं नाही. कागद आला. पावसाळ्याचे चार महिने सातही घरांनी वाडी सोडून खालच्या गावच्या समाजमंदिरात राहावं. पहिल्या वर्षी सगळे गेले. कोंबड्या, शेळ्या, जातं, देव्हारा, सगळं घेऊन गेले. आत्या जाताना दार तीनदा ओढून बघत होती. चार महिने समाजमंदिरात सात चुली पेटल्या, भांडणं झाली, एक बाळंतपण झालं. पाऊस खूप पडला आणि डोंगर होता तिथेच राहिला.

दुसऱ्या वर्षी पाच घरं गेली. मग तीन. माझं नाव पडलं, डोंगरवाली. धसईच्या बाजारात भाजीवाली मला विचारायची, काय म्हणतो गो तुझा डोंगर, यंदा येतो का. मीही हसायची. इथे एक गोष्ट सांगायची तर सगळी सांगायला हवी. दरवर्षी दसऱ्याला वाडी सुखरूप आहे असं कळलं की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि त्याच्या मागोमाग एक ओशाळी चीड यायची की डोंगराने पुन्हा मला खोटं पाडलं. कुणाच्या भल्यासाठी बोललेलं खोटं ठरावं आणि त्याचं आपल्याला वाईट वाटावं, ही माझ्या मनातली सगळ्यांत घाण जागा आहे. रक्ताच्या काचेत जंतू सापडला नाही की मला कधी असं वाटत नाही.

आतोबांनी मात्र मला खोटं पाडलं नाही. दर राबाच्या हंगामात ते वर जाऊन भेगेत पहार सोडायचे. त्याही वर्षी तळ लागला नाही की मुठीखाली एक दोरा बांधायचे. घरात शिरल्यावर पहार कोपऱ्यात उभी करायचे आणि त्या वर्षी सगळ्यांत आधी स्वतःचं बिऱ्हाड हलवायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले, साध्या तापाने, अंथरुणात. पहारेवर पाच दोरे होते. त्यांच्यानंतर सहावा कुणी बांधला नाही. माझा आतेभाऊ विलास मुरबाडला कंपनीत आहे, तिथेच खोली घेऊन राहतो. तो आईला चल चल म्हणतो, ती हो हो म्हणते आणि जात नाही. गेल्या पावसाळ्यात समाजमंदिरात एकही चूल पेटली नाही.

गेल्या रविवारी मी वाडीत गेले. आधी ओढ्यापलीकडच्या आंब्याखाली उभी राहिले, सवयीने. पिशवी उघडायच्या आधीच मला दिसलं. उताराच्या मधोमध एक काळाभोर पट्टा होता. कोयत्यासारखा वाकलेला, एका अंगाने खाली, वर जाऊन वळून दुसऱ्या अंगाने खाली. ताजी राख. इतकी वर्षं ज्या रेघेसाठी मी लेन्स बदलत राहिले, ती कुणीतरी डोंगरभर काजळ घालून मोठी केली होती. नुसत्या डोळ्यांनी, ओढ्यापलीकडून, कुणालाही दिसेल अशी.

राब आत्यानेच भाजला होता, शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन, नाचणी-वरीसाठी. वाऱ्याने त्या भेगेत वर्षानुवर्षं पाला आणि माती भरली होती. मऊ, बिनदगडाची, ओल धरणारी माती. अशी जागा डोंगरावर दुसरी कुठे मिळते, तिने मलाच विचारलं. मी म्हटलं, आत्या, तो चर नाही, आतोबा सांगून गेलेत. ती म्हणाली, ते गेले आणि त्यांचं डोकंही गेलं, आता सगळे चरच म्हणतात. तिच्या बोलण्यात राग नव्हता. सत्तरीच्या बाईला पावसाळाभर दुसऱ्याच्या छपराखाली राहून कंटाळा आला होता, एवढंच.

मी कोपऱ्यातली पहार उचलली आणि एकटीच वर गेले. राख अजून कोमट होती. पट्ट्याच्या मधोमध उभं राहून मी पहार आतोबा धरायचे तशी उभी धरली आणि दाबली. वीतभर माती लागली. मग काही लागलंच नाही. पहार माझ्या मुठीतून, पाचही दोऱ्यांसकट, सरकन निघून गेली. मी कान देऊन उभी राहिले. आपटल्याचा आवाज आला नाही. राखेत एक वाटोळं भोक राहिलं आणि त्यातून घोट्याला गार हवा लागत होती. मी आले होते त्याच वाटेने, पाऊल न उचलता, सरकत सरकत मागे आले.

अंगणात आत्याने माझे रिकामे हात बघितले. पहार कुठे, असं तिने विचारलं आणि मी सांगितलं. तिने शेळीच्या गळ्यातली दोरी उगाच सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "माझा एक फोटो काढ. घरासंगं."

ती आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आली, केसांना पाणी लावून आली. अंगणात उभी राहिली. पाठीशी घर, घराच्या पाठीशी डोंगर आणि त्यावर तो काळा पट्टा. मी पन्नासची लेन्स लावली होती, आणि उजेड भरपूर यावा म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं होतं. तिच्या डोळ्यांवर नजर बसवली आणि दाबलं. पडद्यावर दाखवला. प्रत्येक सुरकुती, नाकावरचा राखेचा कण, सगळं स्वच्छ. मागे घराचं दार ओळखू येण्यापुरतं, आणि त्याच्या वर नुसता मऊ, करडा धूर. आत्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "आता कसा बरा आला. डोंगर दिसतच नाय."

मला ते सहन झालं नाही. मी लेन्सचं तोंड बारीक केलं, मागचं पुसलं जाऊ नये म्हणून सोळाच्या आकड्यावर नेलं, तिला हलू नको म्हटलं आणि दुसरा काढला. त्यात सगळंच स्पष्ट होतं. आत्या, दार, छपराची कौलं, वाकलेला ऐन आणि काळा पट्टा, जितका लांब आहे तितकाच लांब, ना जवळ आणलेला ना दूर ढकललेला. मी कॅमेरा तिच्या हातात दिला. ती त्या फोटोकडे पहिल्यापेक्षा जास्त वेळ बघत राहिली. तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. तिला सगळं कळत होतं, हे मला त्या क्षणी दिसलं, आणि त्याने माझी भीती दुप्पट झाली.

"पहिलाच दे," ती म्हणाली.

मी म्हटलं, देते, चौकट घालून देते, पण तो भिंतीवर लागायच्या आधी तू शेणव्याला माझ्याकडे यायचं, पावसाळाभर. शेळ्यांसकट ये. मी रडत होते, हे मला तिने पदर पुढे केला तेव्हा कळलं. मग ती मऊ झाली. माझ्या डोक्यावरून राखेचा हात फिरवला. "येते," ती म्हणाली. "राबात बी टाकलं का येते. बोलले ना."

एवढं तिने आजवर कबूल केलं नव्हतं. ती दिलेला शब्द मोडत नाही. परतताना मला इतकं हलकं वाटत होतं की धसईला थांबून मी करवंदं घेतली, भाजीवालीने डोंगराचं विचारलं तर हसून उत्तर दिलं. मुरबाडला बबनदादांकडे पहिला फोटो मोठा करायला टाकला. दादांनी तो बघून मान डोलावली, म्हणाले, पन्नासचं काम आहे हे. शहापूरची एसटी लागली, खिडकीशी जागा मिळाली. बाहेर जागोजाग राब धुमसत होते, आभाळ दोन दिवसांपासून दुपारनंतर भरून येत होतं, आणि किन्हवलीच्या अलीकडे कुठेतरी माझ्या हातातलं करवंद तसंच राहिलं.

आत्याच्या वाडीत कोरड्या राबात कुणी बी टाकत नाही. दोन-तीन चांगले पाऊस होऊन राख खालपर्यंत भिजली, की मगच टाकतात. आणि ते टाकायला तिला त्या काळ्या पट्ट्यावर चढून जावं लागेल.